जाळीतलं बी

१२ जानेवारी, रविवार
पिंपरी पेंढार. जाळ्या लागल्या एकदाच्या. मंचरच्या बाजारातून मच्छरदाणीचं कापड आणून मीच मशीनवर शिवल्या. टाके वाकडे, पण माशी आत शिरणार नाही एवढं नक्की. बियाण्याच्या कांद्याचे डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, कमरेला लागलेत, वरचे गोंडे अजून मिटलेले. आठवडाभरात शेत पांढरं होईल.

निम्मे वाफे उघडे, मधमाशांच्या पेट्यांना मोकळे. निम्मे जाळीत, माशांना बंदी. उघड्यात बी किती धरतं आणि जाळीत किती, एवढाच माझ्या प्रबंधातला सगळा प्र. ३, म्हणजे तिसरं प्रकरण. (प्र. १ व २ म्हणजे इतरांनी लिहिलेलं मी पुन्हा लिहिलं.) जाळीत जवळजवळ काहीच धरायला नको. मग माशांचं महत्त्व सिद्ध, मग पीएच.डी., मग झोप.

रस्त्याने जाणारा एक जण गाडी थांबवून, "काय मॅडम, कांद्याला डास चावत्यात व्हय?" मागे बसलेला म्हणाला, "आरं येड्या, डेंगळ्यांचं लगीन हाय. आंतरपाट धरलाय." मलाच हसू आवरेना.

अक्कांना नीट बजावून सांगितलं. अक्का माझी मोठी जाऊ. शेत खऱ्या अर्थाने त्यांचंच. संजय आणि मी मंचरला, पगारी माणसं, रविवारचे शेतकरी. म्हटलं, "अक्का, जाळीत एकही माशी जाता कामा नये."
"न्हाई जायची. मी हाय ना."
त्या आहेत म्हटल्यावर मी निर्धास्त.

मुदतवाढ ही शेवटची. जूनअखेर प्रबंध, नाहीतर नोंदणी रद्द. इतकी वर्षं पाण्यात. बघू.

१५ जाने., बुध.
कॉलेज. प्राचार्यांची नोटीस: एप्रिलच्या पहिल्या शनिवारी बहुविद्याशाखीय चर्चासत्र. विज्ञान, वाणिज्य, व्यावसायिक शिक्षण, सगळे एकाच हॉलमध्ये. निबंध दोन विभागांनी मिळून लिहायचा. एकट्याने लिहिलेला चालणार नाही. म्हणजे लग्न सक्तीचं, फक्त नवरा निवडायची मुभा.

स्टाफरूममध्ये गडबड. शारीरिक शिक्षणाच्या सरांना कुणीच घेईना. माझ्याकडे वाणिज्यचे सुराणा सर आले. "मॅडम, तुमचे कांदे, माझा हिशेब. पेट्या भाड्याने आणणं शेतकऱ्याला परवडतं का, तो अर्धा भाग मी लिहितो."
सुराणा सर जैन. घराण्याची मंचरात तीन पिढ्यांची धान्याची पेढी आहे आणि घरात कांदा येत नाही.
"सर, तुम्ही तर कांदा खात नाही."
"खात नाही म्हणूनच निःपक्षपाती आहे."
ठरलं.

२६ जाने., रवि.
झेंडावंदन आटोपून थेट शेतावर. शेत पांढरंशुभ्र, पेट्यांपाशी नुसता गुंगुं आवाज. सु. सर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, बरोबर. पेटीपासून चांगले लांब उभे राहून विचारतात, "यांना रविवारची सुट्टी नसते का?"

अक्कांनी जेवायला बसवलं. पावणं जैन आहेत म्हटल्यावर कांदा-लसूण न घालता पिठलं केलं आणि मग माझ्या कानात, "बिचारं! कसं जगत आसंल?" सरांनी तीनदा पिठलं मागून घेतलं. जगतायत व्यवस्थित.

जाळीत डोकावून आले. आतले गोंडेही फुललेत. एकही माशी नाही. टाके वाकडे, पण छान काम. स्वतःची पाठ थोपटली.

९ फेब्रु., रवि.
काहीतरी विचित्र. जाळीतले गोंडे कोरडे पडायला हवे होते. हिरव्या गाठी धरतायत. थोड्याथोडक्या नाही, भरपूर.

पहिला संशय शिवणीवर. एकेक टाका तपासला. भोक नाही. मुंग्या? असतील दोनचार, पण एवढं काम मुंग्यांचं नव्हे. वारा? कांद्याचा पराग चिकट, वाऱ्याने जात नाही, असं मीच बी.एस्सी.च्या पोरांना दरवर्षी सांगते.

अक्का म्हणतात, "चांगलं धरलंय की. तोंड का पाडलंस?"
मी म्हटलं, "चांगलं धरायला नको होतं."
त्या आत गेल्या आणि कांदापोहे घेऊन आल्या. त्यांच्या मते मला भूक लागली होती. लागलीही होती.

२३ फेब्रु., रवि.
आता शंका नाही. जाळीतल्या गोंड्यांत बी धरलंय, उघड्याच्या खालोखाल. पुस्तकात लिहिलंय त्याच्या बरोबर उलट.

घाबरत गा. सरांना (पुण्याचे माझे गाइड) फोटो पाठवले. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपणहून फोन केला. "अहो, हे फारच मोठं आहे. हा वाण बहुतेक स्वतःच स्वतःला फळवतोय. प्रबंध सोडा, हे बाहेरच्या जर्नलला जाईल." पाच वर्षं "बघू", "वाचतो", "आणखी डेटा हवा" म्हणणारा माणूस "फारच मोठं" म्हणाला!

परत येताना नारायणगावात थांबून संजयला मसाला दूध पाजलं. तो म्हणतो, "म्हणजे आता तुझ्या नावाचा कांदा येणार?" आला तर आला. मी नको म्हणणार नाही.

४ मार्च, मंगळ.
सु. सरांनी त्यांचा अर्धा निबंध पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलाय. आधीचा निष्कर्ष, "पेट्या घ्याव्यात." नवा निष्कर्ष, "या वाणाला पेट्यांची गरज नाही, शेतकऱ्याचा खर्च वाचेल." फार खूश आहेत. म्हणतात, वाणिज्यवाल्याला खर्च वाचल्याचा जो आनंद होतो तो तुम्हा विज्ञानवाल्यांना नवीन फूल सापडल्यावरही होत नसेल.

प्राचार्यांच्या कानावर गेलंय. कॉरिडॉरमध्ये मला बघून थांबले. आजवर कधी थांबले नव्हते.

२३ मार्च, रवि.
गोंडे कापले, वाळवले, चोळले. काळंभोर बी. उघड्याचं एका पोत्यावर, जाळीचं दुसऱ्यावर. वजन केलं, संजयने ताजवा धरला, दादांनी (मोठे दीर) मान डोलावली. जाळीचं थोडंसंच कमी. आलेख काढला, दोन खांब, जवळजवळ बरोबरीचे. इतका सुंदर आलेख मी आयुष्यात काढला नाही.

प्र. ३ लिहून होत आला. जून आता डोंगरासारखा वाटत नाही.

३० मार्च, रवि. पाडवा
मुसळ केरात.

शांतपणे लिहिते.

गुढी उभारून दुपारी सगळे जेवायला बसलो. पुरणपोळी, कटाची आमटी. मी आनंदात. मोबाइलवर आलेख काढून अक्कांना दाखवला. "बघा अक्का, हे माशांचं बी. आणि हे बिनमाशांचं. तुमच्या शेतात चमत्कार झालाय. कुणी फिरकलं नाही, तरी बी धरलं!"

अक्का पोळीवर तूप सोडता सोडता हसल्या. "कुणी न्हाई कसं? मी काय मेले व्हते का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. सकाळी ऊन जरा वर आलं की अक्का बियाण्याच्या सगळ्या वाफ्यांवरून हात फिरवतात. गोंड्यांवरून हलकेच, पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा, एका गोंड्यावरून दुसऱ्यावर. त्यांच्या सासूबाई करायच्या, म्हणून त्याही करतात. पेट्या आल्या तरी सोडलं नाही. आणि माझ्या जाळीशी आल्या की खालची कड उचलून आत हात घालून तिथेही. रोज. त्याच हातांनी, बाहेरचा सगळा पराग घेऊन. आम्ही रविवारी पोचतो तेव्हा बारा वाजलेले असतात, सगळं आवरलेलं असतं.

मी ओरडले. सणाच्या दिवशी, भरल्या ताटावर. "अक्का, सांगितलं होतं ना तुम्हाला! माझं वाटोळं केलंत!"

दादा जेवायचे थांबले. अक्का मला म्हणाल्या, "माशी जाऊ द्यायची न्हाई म्हणलीस. एक माशी गेली का? हात घालू नको आसं कवा म्हणलीस?" खरंच म्हटलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं, की कुणी रोज उठून हात फिरवत असेल.

मग त्यांचाही आवाज चढला. "समद्या वाफ्यांवरनं हात फिरवायचा आन् तुझ्या दारात आलं की मागं घ्यायचा व्हय? पंगतीत एकाला सोडून वाढायचं? आमच्यात आसलं कुणी करत न्हाई. तुझं वांझ राहिलं आस्तं तर गाव काय म्हणलं आस्तं? थोरलीनं धाकटीचं पीक मारलं!"

यावर कुठल्या पुस्तकात उत्तर आहे? प्रयोग म्हणजेच पंक्तिप्रपंच. एकाला वाढायचं, एकाला मुद्दाम उपाशी ठेवायचं आणि फरक लिहून काढायचा. मला आयुष्यभर ते नैसर्गिक वाटत आलंय.

अक्का उठून आत गेल्या. येताना मला पोळ्या बांधून दिल्या नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा.

३१ मार्च, सोम.
गा. सरांना फोन. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे बघा, जाळीत काही प्रमाणात हाताचा संपर्क आला असावा, अशी तळटीप टाका. बारीक अक्षरात. तळटिपा कोण वाचतं? जून तोंडावर आहे, मॅडम. पुन्हा प्रयोग म्हणजे पुढचा हंगाम, आणि तुम्हाला पुढचा हंगाम नाहीये."

खोटं काहीच नाही म्हणाले ते. पुढचा हंगाम मला खरंच नाही.

दिवसभर तळटीप मनात लिहून पाहिली. एका ओळीत मावते.

१ एप्रिल, मंगळ.
सु. सरांना सांगायचं धाडस होईना. शेवटी ग्रंथालयात गाठलं. ऐकून घेतलं. पहिला प्रश्न, "आज एक एप्रिल आहे, मॅडम. म्हणून विचारतो." नाही म्हटल्यावर चष्मा काढून पुसत बसले. मग हसायला लागले, इतके की ग्रंथपालबाईंनी वर पाहिलं.

"म्हणजे पेट्या नकोत असं मी लिहिलं, आणि तिकडे रोज तुमच्या जाऊबाई माशीचं काम करत होत्या!"

तळटिपेचं सांगितलं तेव्हा मात्र हसू गेलं. म्हणाले, "आमच्या दुकानातून एखादं खराब पोतं गेलं, तर बाबा स्वतः गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन परत आणायचे. त्याने उघडायच्या आत. माझा निबंध वाचून एखाद्याने खरंच पेट्या आणल्या नाहीत, हातही फिरवला नाही, तर त्याचं अख्खं बी जाईल. तळटीप तो वाचणार नाही. पण निर्णय तुमचा. माझा एक निबंध जातो, तुमची पदवी जाते. मी बोलणं सोपं आहे."

घरी येऊन भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. संजय म्हणाला, "ठरलंय ना तुझं?" म्हटलं, हो. रडूही आलं थोडं. इतकी वर्षं, आणि अगदी हाताशी आलेलं.

३ एप्रिल, गुरु.
अक्कांचा फोन! पाडव्यानंतर पहिला. संजयने त्यांना सगळं सांगितलं असणार. तो कबूल करत नाही.
"शनवारी कुठं बोलणार हायस तू?"
"कॉलेजात, मंचरला."
"मी येते. त्या सायबांम्होरं मीच सांगते, हिची काय बी चूक न्हाई. मी हात घातला."
"अक्का, तसं काही नसतं तिथे. कुणी शिक्षा देत नाही."
"मग तू का रडतीस?"
आपलेच दात, आपलेच ओठ. मी म्हटलं, या तुम्ही. आणि ओरडले त्याबद्दल माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ती पोळी तुझ्या वाटणीची व्हती, म्या रागानं म्हशीला घातली." फिटलं.

५ एप्रिल, शनि.
चर्चासत्र. हॉलच्या दारात मांडव, सनई, गुलाबाचं फूल, दीपप्रज्वलन (माचिस मिळेना, मिळाली तर वारा). आमच्या आधी बी.एड.वाल्यांचा आणि शारीरिक शिक्षणाच्या सरांचा फळ्यावरच्या हस्ताक्षरावर निबंध, नंतर पतसंस्थांवर. मग आम्ही.

तोच आलेख दाखवला, दोन बरोबरीचे खांब. पहिल्या रांगेतून "वा" ऐकू आलं. मग सगळं सांगितलं. जाऊबाई, हात, रोजची सकाळ. म्हटलं, हा आलेख चुकीचा आहे आणि यावरून पेट्या नकोत असं कुणीही समजू नये. सु. सरांनी उठून त्यांचा निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतला. "माल परत घेतोय," म्हणाले. हॉलमध्ये हशा. मला हलकं वाटलं, अगदी अंग हलकं.

बी.एड.च्या एका सरांनी विचारलं, "जाऊबाईंना प्रयोगाचा हेतू नीट समजावला होता का?" मी म्हटलं, नाही, नियम सांगितला होता, हेतू नाही. ते म्हणाले, "वर्गातही हेच होतं." पहिल्यांदाच त्या विभागाचं काहीतरी पटलं.

अध्यक्ष म्हणाले, प्रामाणिकपणा कौतुकास्पद. म्हणजे निबंध गेला. बक्षीस हस्ताक्षराला.

अक्का शेवटच्या रांगेत, नवी साडी, हातात पिशवी. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुज्या त्या सायबांनी मला एक बी इचारलं न्हाई. मी घोकून आले व्हते." मग जेवणाबद्दल: भात कच्चा, वांग्यात मीठ नाही. पिशवीतून डबा काढला. पुरणपोळ्या. सु. सरांनाही दिल्या.

१९ जून, गुरु.
आणखी एक हंगाम मिळावा म्हणून विद्यापीठात अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात काय लिहावं कळेना. "प्रयोगात कौटुंबिक हस्तक्षेप" लिहिलं. खिडकीवरचा माणूस वाचून म्हणाला, "घटस्फोट वगैरे?"

गा. सरांनी सही केली.

१२ ऑक्टो., रवि.
अर्जावर अजून निर्णय नाही. फोन केला की "फाइल कमिटीपुढे आहे". कमिटी बसते कधी विचारलं, तर म्हणे फाइल आली की. 

तरी बियाण्याचे कांदे निवडले. संजय म्हणतो, पदवी नाही मिळाली तर? म्हटलं, मला खरंच जाणून घ्यायचंय, कुणी हात न लावता काय धरतं ते. हे माझं मलाच नवीन. आजवर मला फक्त प्र. ३ हवा होता.

सु. सरांचा नवा विषय: हात फिरवायच्या कामाची मजुरी लावली तर किती होईल? अक्कांना विचारायला गेले होते. अक्का म्हणाल्या, "हाताची बी मजुरी? मंग सैपाकाची बी लावा." सर आता घरी बायकोसमोर हा विषय काढत नाहीत.

२६ ऑक्टो., रवि.
भाऊबीज झाली, आज लागवड. वाफ्यात कांदे ठेवत अक्का पुढे, मी मागे. जाळीच्या वाफ्यांवर खुणेच्या काठ्या रोवल्या. या वेळी हेतूही सांगितला, बांधावर बसून, सगळा. त्यांनी लक्ष देऊन ऐकला. शेवटी म्हणाल्या, "समजलं. पर जमायचं न्हाई."
"म्हणजे?"
"म्हंजे मी हितं असले की हात थांबायचा न्हाई. कितीबी ठरवलं तरी. म्हणून फुलायच्या वक्ताला मी पेठला लेकीकडं जाऊन ऱ्हाते."

मी हसले, मग हसायची थांबले. फुलोऱ्यात अक्का शेत सोडून कधी सख्ख्या भाचीच्या लग्नालाही मुक्कामी राहिल्या नाहीत. घरच्यांना माहीत आहे.

"अक्का, अहो, अजून परवानगीच नाही आली. उगाच कशाला."
"न आली तर न आली. तुला बघायचंय ना काय व्हतंय ते?"
"आणि तुमचे वाफे?"
"ते तू बघायचं. रजा काढ. सकाळी ऊन वर आलं की समद्यांवरनं हात फिरवायचा, एक बी गोंडा सोडायचा न्हाई. आन् मंग तुझ्या जाळीशी आलं की थांबायचं." मातीचे हात झटकत उठल्या. "मला न्हाई जमलं. तुला जमतंय का बघ."

येताना गाडीवर संजयला म्हटलं, यात काय अवघड आहे? आलं की थांबायचं. 

नारायणगाव मागे पडलं तेव्हा पुन्हा म्हटलं, मंचर आलं तेव्हा पुन्हा.

रजेचा अर्ज टेबलावर आहे. तारखा टाकायच्या राहिल्यात.